सुरमेवाल्या सिराजोद्दीनचा खडा

बदनापूर स्टेशनापासून हाकेच्या अंतरावर, बाभळींच्या रांगेला लागून, सिराजोद्दीन सुरमेवाल्याचं दोन खणांचं घर होतं. त्या घरावरून केव्हाही जा, आतून घर्र घर्र आवाज चालूच. नवखा माणूस म्हणायचा, दळण चाललेलं दिसतंय. दळण कुठलं, तो खल होता. काळ्या दगडाच्या त्या खलात सुरम्याचा खडा गुलाबपाण्याचे थेंब टाकत टाकत चाळीस दिवस घोटायचा. चिमूट बोटांत चोळून पाहायची. बोटाला काहीच लागलं नाही, नुसता रंग राहिला, की समजायचं सुरमा झाला. एकोणचाळिसाव्या दिवशी गिऱ्हाईक दारात येऊन बसलं तरी सिराजोद्दीन हात जोडायचा. म्हणायचा, "डोळ्यात घालायची चीज आहे भाऊ, उद्या या."

बाकी दिवस त्याचे बाजारात जायचे. जालना, मंठा, तीर्थपुरी, जिथं बाजार तिथं हा. एक चटई, तिच्यावर हिरवं फडकं, फडक्यावर पितळी सुरमेदाण्या, आणि मधोमध सुरम्याचे कच्चे खडे मांडलेले. काळपट करडे, पण फोडले की चौकोनी चौकोनी फुटायचे आणि आतून आरशासारखे चमकायचे. लोकांना माल दाखवायला ते बरे पडत.

तीर्थपुरीच्या बाजारात झुंबरबाई नावाची भाजीवाली त्याच्या शेजारी बसायची. एकदा तिनं सगळ्यांसमोर त्याला धरलं.

"ओ सुरमेवाले, माझे पैसे वापस द्या."

"का हो मावशी, काय झालं?"

"तुमचा सुरमा घातला अन् सून कशी हाय ते साफ दिसाया लागलं. आधीच बरं व्हतं!"

"मंग एक पुडी सुनेलाबी न्या मावशी. तिलाबी तुम्ही बराबर दिसाल."

सगळा बाजार हसला, झुंबरबाई तर पदर तोंडाला लावून हसली. असा माणूस होता सिराजोद्दीन. कुणाशी वाकडं नाही. आणि तरी आपल्या पोटच्या पोरीशी दोन वर्षं तो बोलला नव्हता.

पोरगी एकुलती. नाव अकबरबी. आईशेजारी खलावर बसून ती लहानाची मोठी झाली. आई अजीजुन्निसा खल फिरवताना दळणावरची जुनी दखनी गाणी म्हणायची, आणि पोरीनं ती गाणी अशी उचलली की आईच गप्प बसून ऐकायला लागली. गल्लीतल्या लग्नात ढोलक पुढं आला की बायका आधी विचारायच्या, अकबरबी आली का? सिराजोद्दीन बाहेरच्या ओट्यावर बसून ऐकायचा आणि दाढीतल्या दाढीत हसायचा. बायकांत गायलेलं गाणं; त्यात त्याला काही वावगं वाटलं नाही.

लग्न होऊन ती औरंगाबादला गेली. नवरा बदरोद्दीन तिथल्या निजामाच्या रेडिओ केंद्रावर चपराशी होता. केंद्रावर बायकांचा एक कार्यक्रम लागायचा, जुम्मेरातीला, म्हणजे गुरुवारी संध्याकाळी. बदरोद्दीननं कुणाला तरी सांगितलं की माझ्या घरची फार छान गाते, आणि अकबरबी तिथं जाऊन गायली.

घरी हे कुणाला ठाऊक? सिराजोद्दीनला ते मंठ्याच्या बाजारात कळलं. एक कापडवाला चटईपाशी टेकला आणि म्हणाला, "सिराजभाई, तुमच्या पोरीचं गाणं ऐकून आलो जालन्याच्या हॉटेलात, रेडिओवर. लोक चहा पिता पिता माना डोलवून राह्यले होते. नशीब काढलं तुम्ही!"

त्यानं चांगल्या मनानंच सांगितलं होतं. पण सिराजोद्दीननं फडकं तसंच गोळा केलं आणि दुसऱ्या दिवशी औरंगाबाद गाठलं. पोरीच्या दारात उभा राहिला, आत गेला नाही.

"अब्बा, पडद्यामागं बसून गाते मी," अकबरबी म्हणाली. "कुणालाबी माझा चेहरा दिसत न्हाई."

"चेहऱ्याला पडदा आहे. आवाजाला कुठून आणशील? हॉटेलात बसलेले लोक ऐकून राह्यले."

"तुम्ही ऐकलं का, अब्बा?"

"मी कशाला ऐकू? गाणं बंद होईपर्यंत या उंबऱ्याला माझा पाय लागणार न्हाई. तुझ्या आईचाबी न्हाई."

पोरीचंही रक्त त्याचंच. ती म्हणाली, "मंग मी गातच राहणार. कधीतरी तुमच्या कानावर पडेल."

तो आल्या पावली परत फिरला. पोरीची दोन-चार खतं आली. अजीजुन्निसा ती शेजारच्यांकडून वाचून घ्यायची, पण उत्तर लिहायची मुभा नव्हती. मग खतं थांबली.

आता यात भुजंगमिस्त्री कसा आला ते ऐका. भुजंग रेल्वेचा तारमिस्त्री. खांबावर चढायचं, तुटलेली तार सांधायची, हे त्याचं काम. धुळीनं डोळे आले म्हणून तो एकदा सुरमा घ्यायला आला आणि फडक्यावरचे खडे पाहून तिथंच उकिडवा बसला.

"सिराजभाई, एवढा मोठा खजिना असा उघडा ठेवून राह्यले? सिकंदराबादच्या वर्कशॉपात एका साहेबाकडं असाच खडा होता. वाटीत बसवलेला, अन् वर केसासारखी तार टेकवलेली. बॅटरी न्हाई, काही न्हाई, अन् त्यातून माणूस बोलायचा."

"तौबा! जिन?"

"जिन कशाचा, रेडिओ! औरंगाबादचं केंद्र इथून फार लांब न्हाई. बारीक का होईना, ऐकू येईल."

औरंगाबादचं नाव निघालं आणि सिराजोद्दीनचा हात सुरमेदाणीवर थांबला. पण बोलला एवढंच, "खडा घे. पण करायचं ते माझ्या घरी कर."

भुजंगनं बांबूच्या नळकांड्यावर तांब्याची तार गुंडाळली. एक लांब तार घरापासून दारापुढच्या चिंचेच्या शेंड्यापर्यंत ताणली. दुसरी मोरीजवळच्या ओल्या मातीत पुरली. भंगारातल्या टेलिफोनची कानाला लावायची डबी आणली. गल्लीतला कारभारी मान वर करून विचारायला आलाच.

"सिराजभाई, तार कशाची?"

"कपडे वाळवायला."

"एवढ्या उंच? तुमच्या घरी कपडे माणसं घालतात का घारी?"

भुजंग खडा वाटीत बसवत होता. सिराजोद्दीन कामाचा माणूस, त्याला कसं होतं ते कळल्याशिवाय चैन नाही. "पण मिस्त्री, दगड ऐकतो कसा?"

"हवेतनं लाट येती अन् तारेत वीज हलवती. पण कशी? पुढं-मागं, पुढं-मागं, एका सेकंदात लाखो वेळा. या डबीत पत्र्याची चकती आहे. ती म्हणती, पुढं जाऊ का मागं? दोन्हीकडून सारखाच रेटा, म्हणून ती जागच्या जागी गप्प. आता लोहाराचा भाता आठवा. आत चामड्याची झडप असती का न्हाई? हवा आत शिरताना उघडती, उलट निघाली की मिटती. तसा हा खडा. तारेचं टोक बराबर जागी टेकलं की वीज एका अंगानं जाऊ देतो, उलटी आली की अडवतो. मागचे धक्के गळाले, पुढचे राह्यले. बोलणारा जसा चढेल-उतरेल तसे ते धक्के लहान-मोठे होतात, अन् चकती त्याच मापानं हलती. झाला आवाज."

"अन् खड्याच्या जागी तांबं ठेवलं तर?"

"तांबं म्हणजे मोकळं रान, कुठूनबी जा. काच म्हणजे भिंत, कुणालाच वाट न्हाई. हा खडा मधल्या जातीचा. अन् तोबी सगळीकडं सारखा न्हाई. शंभर जागा बहिऱ्या, एखादी ऐकती. साहेब म्हणायचा, बिलकुल शुद्ध खडा कामाचा न्हाई. आत काहीतरी परकं कणभर मिसळलेलं लागतं, त्याची ती करामत. का, ते त्यालाबी ठाऊक न्हवतं."

"म्हणजे मिलावट?" सिराजोद्दीन हसला. "मिस्त्री, आमच्या सात पिढ्या या खड्यातला मैल, सगळा मळ काढण्यात गेल्या. मिलावटीनं कुणाचं भलं होत असतं का?"

भुजंग तारेचं टोक खड्यावर टेकवत होता, उचलत होता, पुन्हा टेकवत होता. मोठे-लहान अकरा खडे झाले. अकरावा, बोराएवढा, एका कोपऱ्यावर जरा पिवळट झाक असलेला, त्यानं ऐकलं. डबीतून उर्दूत कुणीतरी बाजारभाव सांगत होता. सिराजोद्दीननं डबी कानाला लावली आणि मागं वळून पाहिलं, माणूस पाठीशी उभा आहे की काय म्हणून.

जुम्मेरातीला संध्याकाळची मगरिबची नमाज झाल्यावर त्यानं दार लावून घेतलं. अजीजुन्निसानं डबी तांब्याच्या पातेल्यात ठेवली. त्यानं आवाज जरा फुगतो, ही तिचीच युक्ती. दोघं पातेल्यावर डोकी टेकवून बसली. आधी निवेदक बोलला, मग बाजाची पेटी वाजली, आणि मग अकबरबी गायला लागली. खलावर बसून म्हणायची तेच गाणं. अजीजुन्निसानं तोंडात पदर कोंबला. सिराजोद्दीन हलला नाही. गाणं संपल्यावर म्हणाला, "दुसऱ्या कडव्याला घाई करते. लहानपणापासूनची खोड आहे."

त्या दिवसापासून वर्षभर एक जुम्मेरात चुकली नाही. बाजार कुठलाही असो, हा माणूस त्या संध्याकाळी घरी. अजीजुन्निसा मधून मधून म्हणायची, "आता ऐकताच आहात, तर जाऊन तोंडावर सांगा की, चांगलं गातेस."

"जबान दिली आहे मी."

"जबान तुम्ही दिली, आवाज मी पोटातून दिला. माझं काही आहे का न्हाई?"

तो तारेचं टोक नीट करत राहायचा. त्याचं बरं चाललं होतं. शब्दही मोडत नव्हता आणि पोरगीही भेटत होती. दोन तासांच्या गाडीचा प्रवास त्या बोराएवढ्या खड्यानं वाचवला होता.

पुढच्या उन्हाळ्यात आवाज बारीक व्हायला लागला. आधी वाटलं, तारेत काही झालं. भुजंग तेव्हा परभणीकडच्या कामावर गेला होता, दोन महिने येणार नव्हता. सिराजोद्दीननं तार घट्ट केली, मोरीत पाणी ओतलं, टोक इकडून तिकडं हलवून पाहिलं. पण प्रत्येक जुम्मेरातीला पोरगी आदल्या वेळेपेक्षा लांब गेल्यासारखी वाटायची.

"पोरगी थकली," अजीजुन्निसा म्हणाली. "मला जाऊ द्या एकदा."

"खडा थकला. वर्षभर उघडा पडलाय, मैल बसला."

आणि मैल बसलेल्या खड्याचं काय करायचं, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. हिरडा, बेहडा, आवळा रात्रभर भिजवले. शेगडी फुलवली. खडा चिमट्यात धरून लाल होईपर्यंत तापवला आणि त्या पाण्यात विझवला. पुन्हा तापवला, पुन्हा विझवला. सात वेळा. गंधकाचा वास घरभर झाला. प्रत्येक वेळी वास कमी होत गेला तसा तो खूष होत गेला, मैल निघतोय. शेवटी गुलाबपाण्यानं धुऊन, नव्या फडक्यानं पुसून, बिस्मिल्ला म्हणून त्यानं तो वाटीत बसवला. एवढ्या मायेनं त्यानं बादशहाच्या डोळ्यांसाठीही सुरमा घोटला नसता.

जुम्मेरात आली. तारेचं टोक टेकवलं. काही नाही. सरकवलं, काही नाही. खड्यावर राखेसारखा भुरा चढला होता आणि मधून बारीक चीर गेलेली होती. ज्या खड्यानं वर्षभर पोरगी घरात आणली, तो आता नुसता दगड होता.

मग लागला तो दुसरा खडा शोधायला. घरातले सगळे खडे झाले. जालन्याच्या व्यापाऱ्याकडून आणखी टोपलीभर आणले. खल बंद पडला, बाजार बंद पडले. आणि संध्याकाळ झाली की हा माणूस पातेल्यावर वाकून टोक उचलतोय, टेकवतोय. जालन्याच्या हॉटेलात जाऊन बसला असता तर ऐकू आलं असतं. पण चार परक्या लोकांत बसून चहाच्या कपावर पोरीचं गाणं ऐकायचं, ते त्याच्यानं होणार नव्हतं. एक जुम्मेरात गेली, दुसरी गेली, तिसरी गेली.

चौथ्या जुम्मेरातीला सकाळीच भुजंग परत आला. येऊन पाहतो तर ओट्यावर खड्यांचा ढीग. सिराजोद्दीननं त्याला सगळं सांगितलं. भुजंगनं भाजलेला खडा हातात घेऊन वळवून पाहिला.

"हा गेला, सिराजभाई. गंधक निघून गेला, वरची कातडीच बदलली त्याची. पण तुम्ही हे केलंच कशापायी?"

"आवाज बारीक येऊन राह्यला होता ना."

"सगळाच?"

"पोरीचा."

"निवेदकाचा?"

सिराजोद्दीननं आठवलं. "तो बराबर येत होता."

"बाजाची पेटी?"

"तीबी बराबर."

भुजंगनं खडा पुन्हा एकदा उजेडाला धरला. मग खडा खाली ठेवून म्हणाला, "सिराजभाई, खडा माणूस वळखत न्हाई. त्याच्यात खराबी आली असती तर सगळेच आवाज उतरले असते. एकटा पोरीचाच कसा उतरंल?"

दारात उभी असलेली अजीजुन्निसा आत जाऊन बुरखा घेऊन आली. सिराजोद्दीन उठला. टोपी घातली. तिला म्हणाला, "चल." गाडीला अवकाश होता, तरी दोघं जाऊन प्लॅटफॉर्मवर उभी राहिली.

औरंगाबादला दार बदरोद्दीननं उघडलं. तो काही टोचून बोलला नाही. नुसता बाजूला सरकला. "या अम्मा. या अब्बा." सिराजोद्दीननं उंबरा ओलांडला तेव्हा आपण काय मोडतोय हे त्याच्या लक्षातही आलं नाही.

"घशाचा टीबी," बदरोद्दीन हळूच म्हणाला. "हकीम झाला, डॉक्टर झाला. महिना झाला, आवाज बिलकुल गेला."

"खत का न्हाई टाकलंस?"

"तिनं कसम घातली. म्हणाली, दुखण्याचं कळवलं तर ते दुखण्याला भेटायला येतील, मला न्हाई."

अकबरबी खाटेवर भिंतीला टेकून बसलेली होती. एवढीशी झाली होती. बापाला पाहून तिचे ओठ हलले. शब्द फुटला नाही. सिराजोद्दीननं कान तिच्या तोंडाशी नेला. नुसती वाफ. वर्षभर पंचवीस मैलांवरून ज्यानं तिचा श्वास न् श्वास ऐकला, त्याला चार बोटांवरून काही ऐकू येईना.

मग तोच बोलायला लागला. अडखळत अडखळत त्यानं सगळं सांगितलं. चिंचेवरची तार, तांब्याचं पातेलं, बोराएवढा खडा. "एकबी गाणं चुकवलं न्हाई बेटा. सगळी ऐकली."

तिनं मान हलवली. खरं वाटलं नाही तिला. ओठ हलले, एवढं त्याला वाचता आलं: झूठ. आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून लोक काहीही बोलतात, तसं.

"झूठ न्हाई! तुझी कसम. दुसऱ्या कडव्याला घाई करतेस तू. ईदच्या आदल्या गाण्याला पेटीवाला चुकला, तू त्याला सांभाळून घेतलंस. अन् उन्हाळ्यात, त्या पाळण्याच्या गाण्यात, मधेच तू खोकललीस. दोन वेळा. मंग पेटीवाल्यानं ती जागा वाजवून भरून काढली. सांग, खोकललीस का न्हाई?"

अकबरबीचे डोळे मोठे झाले. आता तिला पटलं. तिच्या तोंडावर असा उजेड आला की अजीजुन्निसाला ती दहा वर्षांची पोर दिसली. आणि तेवढ्यात सिराजोद्दीनला आपण काय बोललो ते ऐकू आलं.

खोकला ऐकला होता. पाच आठवड्यांआधी. आणि खड्याची खरखर असेल, तारेचं टोक जरा हललं असेल म्हणून त्यानं ते दाबून बसवलं होतं.

पोरगी त्याच्याकडं पाहत राहिली. ती काही म्हणाली असती तर बरं झालं असतं. रागावली असती, तोंड फिरवलं असतं, तर त्याला रडता तरी आलं असतं. पण तिच्याजवळ आवाज नव्हता आणि तोंडही तिनं फिरवलं नाही. तिनं त्याच्या दाढीवर हात ठेवला आणि थकून खाली घसरेपर्यंत तसाच ठेवला.

सिराजोद्दीन त्या घरात अकरा दिवस राहिला. रोज तिच्या उशाशी बसून तो तिची गाणी तिला सांगायचा. गाता त्याला येत नव्हतं, नुसते शब्द म्हणायचा, आणि कुठं चुकला की ती बोटानं खाटेच्या लाकडावर टकटक करायची. बाराव्या दिवशी पहाटेच्या अजानीला तो चुकला आणि टकटक झाली नाही.

बदनापूरला परत आल्यावर खल सुरू व्हायला पावसाळा निघून गेला. पण सुरू झाला. निजामाचं राज्य गेलं, बाजार बदलले, लोक बदलले. सिराजोद्दीन चटई घेऊन तीर्थपुरीला, मंठ्याला जात राहिला. माल कुणाशी घासाघीस न करता द्यायचा. बोलणं कमी झालं होतं, तरी झुंबरबाईनं छेडलं तर हसायचा.

एक मात्र नवीनच होतं. बाजाराच्या गलबल्यात कुठंही, कुणाच्याही कडेवरचं लेकरू खोकललं, की हा माणूस सुरमेदाण्या तशाच उघड्या टाकून उठायचा. गर्दीतून वाट काढत त्या बाईपर्यंत जायचा आणि विचारायचा, "कधीपासून खोकून राह्यलं हो हे?"

बाई म्हणायची, "काही न्हाई बाबा, धूळ गेली घशात."

"दवाखान्यात न्या," तो म्हणायचा. "आजच न्या. गाडी किती वाजताची आहे, मी सांगतो."